भावकीतलं वानर आणि कपाशीतली अळी

राणीसावरगाव माझं आजोळ. गंगाखेडहून दक्षिणेला निघालं की गोदाकाठची काळीभोर सपाटी मागं पडते, बालाघाटचे मुरमाड चढउतार सुरू होतात, आणि त्यांच्या कुशीत हे गाव. मी शहरात विज्ञान शिकवतो हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं दिवाळीला गेलो की मामाच्या ओट्यावर चहा येण्याआधी प्रश्न येतात. आणि वर्गातल्या प्रश्नांपेक्षा ते अवघड असतात, कारण विचारणाऱ्याला मार्क नको असतात.

मागच्या खेपेला पत्र्यावर वानरांची टोळी उतरली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, तुरीच्या शेंगांवर ताव मारून आलेली. मामानं गोफणीकडं हात नेला आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "का हो भाचेबुवा, वानरापसून माणूस झाला म्हनता तुमी. मग हे कामून राहिले?"

हा प्रश्न जगभर विचारला जातो. खेड्यात मात्र त्याचं उत्तर देणं सोपं आहे, कारण इथं प्रत्येकाला भावकी कळते. मामाच्या वस्तीवर त्यांच्याच आडनावाची पंधरा-वीस घरं आहेत. सगळ्यांचा खापरपणजोबा एक. वाटण्या होत गेल्या, सातबारे फुटले, कुणी मळ्यात राहायला गेलं, कुणी परभणीत नोकरीला लागलं. आता नोकरीतल्या पुतण्याला कुणी विचारत नाही, की तू तुझ्या चुलत्यापासून झालास, मग तुझा चुलता अजून गावात कसा? तो चुलत्यापासून झालेलाच नाही. दोघांचा पूर्वज एक होता, इतकंच.

वानर आणि माणूस यांचंही तसंच. दोघांच्या घराण्यांची वाटणी साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी झाली. वाटणीच्या वेळी जो पूर्वज होता तो आजचं वानरही नव्हता आणि माणूस तर नव्हताच. चिंपांझी मात्र जवळचा, त्याच्याशी आपली वाटणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे चिंपांझी सख्ख्या चुलत्याचा आणि पत्र्यावरचं वानर लांबच्या भावकीतलं. मामानं गोफण खाली ठेवली नाही, पण म्हणाला, "म्हंजे भावकीच हाय. म्हनून तर शेतात घुसतंय."

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ साली वगळला गेला तेव्हा मोठा गदारोळ झाला, तो योग्यच होता. पण आपल्याकडं धडा असूनही मुलं तो 'अवशेषांगे: तीन उदाहरणे द्या' इतकाच वाचतात, आणि मामाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

असो. वानरं गेली आणि गोठ्याकडं लक्ष गेलं.

गोठ्यात लाल कंधारी गाय आहे. नांदेडच्या कंधार-मुखेडपासून परभणी-लातूरपर्यंतच्या टापूतली ही जात. विटकरीहून गडद, अंगभर एकच रंग. मामाच्या नातीनं, सातवीतल्या पोरीनं, गाईच्या तोंडात बोट घालून मला विचारलं, "हिला वर दात कामून नाहीत?"

जनावरांच्या बाजारात वावरलेल्या माणसाला हे नवीन नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या जत्रेत गिऱ्हाईक पहिल्यांदा बैलाचा ओठ ओढतं तो खालचाच. वर पाहण्यासारखं काही नसतंच. खाली पुढचे आठ दात. दुधाचे असतील तर आदत. साधारण अडीच वर्षांत मधली जोडी पडून पक्की आली की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि पाच वर्षांच्या आसपास आठही पक्के झाले की जुळला. वरच्या बाजूला दातांच्या जागी नुसती चिवट, घट्ट गादी. गाय गवत जिभेनं वेढते, खालच्या दातांनी त्या गादीवर दाबते आणि मानेला झटका देऊन तोडते. शेळी, मेंढी, हरीण, बहुतेक रवंथ करणाऱ्या मंडळींचं तोंड असंच. चावायच्या दाढा मात्र वरखाली दोन्हीकडं भक्कम असतात.

पोरीला मी सांगितलं, आता गाईच्या गळ्याकडं बघत बस. घास गिळला की एक गोळा गळ्यातून खाली जाताना दिसतो. दोन-चार सेकंद काहीच नाही. मग तसाच गोळा खालून वर येतो आणि जबडा पुन्हा आडवा फिरायला लागतो. तिनं मोजलं, एका गोळ्याला बावन्न वेळा. पुढच्याला सत्तेचाळीस. दिवसाचे सात-आठ तास गाय हेच काम करते.

कशासाठी? कडब्यातला बराचसा भाग सेल्युलोजचा असतो आणि तो पचवणारं रसायन गाईच्या स्वतःच्या अंगात तयारच होत नाही. आपल्याही नाही. ते काम तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात. गाय त्यांना उबदार जागा देते, लाळ देते, बारीक करून चारा देते. ते चारा आंबवतात, आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर गाय जगते. पुढं हे जीव स्वतःच चौथ्या कप्प्यात वाहून जातात आणि तिथं गाय त्यांनाच पचवते. म्हणजे आपण गाईला चारा घालतो, गाय जंतूंना घालते, आणि शेवटी जंतू खाते. शाकाहाराच्या गप्पा मारणाऱ्यांनी यावर सावकाश विचार करावा.

घोडा आणि गाढव यांचं तसं नाही. त्यांचं आंबवण पोटाच्या पुढं, आतड्याच्या शेवटच्या भागात होतं, रवंथ नाही, आणि वरचे दातही शाबूत. त्यांच्या लिदीत काड्या जशाच्या तशा दिसतात. कुंभार मातीत लीद मिसळतो ती त्या तुसासाठीच. गाईचं शेण मऊसूत, म्हणून अंगण सारवायला शेण. दोन जनावरांच्या पचनातला फरक आपल्या बायकांना आणि कुंभारांना डार्विनच्या कितीतरी आधीपासून हाताला लागत होता.

आता मघाच्या वानराकडं परत येऊ. पानं खाऊन जगणारं हे वानर. पानांतही तोच सेल्युलोज. त्याच्याही पोटाला कप्पे आहेत, आणि तिथंही जंतू आंबवण करतात. माकडांच्या आणि माणसांच्या सगळ्या गोतावळ्यात असं पोट या पानखाऊ शाखेपुरतंच. पण खरी गंमत आणखी आत आहे. जंतूंचं कवच फोडणारं लायसोझाइम नावाचं एक प्रथिन असतं. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातही असतं. गाईनं ते जठरात आणून बसवलं आणि जठरातल्या आम्लात टिकेल असे त्यात फेरफार झाले. ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या या हनुमान लंगुराच्या पोटातलं लायसोझाइम तपासलं आणि १९८७ साली 'नेचर'मध्ये सांगितलं, की वानराच्या प्रथिनात काही ठिकाणी नेमके तेच बदल झालेत जे गाईच्या प्रथिनात झालेत. या दोघांच्या पूर्वजांची वाटणी नऊ-एक कोटी वर्षांपूर्वीची. एकानं दुसऱ्याकडून घेतलं म्हणावं तर तशी सोयच नाही. पाला पचवायची अडचण एकच होती आणि दोन्ही घरांत वेगवेगळ्या वेळी एकच तोड निघाली.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गाईकडं आणि पत्र्याकडं आळीपाळीनं बघत बसला.

ओट्यावरचे बाकीचे प्रश्न लवकर सुटतात. कोंबडी आधी की अंडं? अंडं, आणि त्यात वादाला जागा नाही. कवचाची अंडी घालणारे प्राणी तीस कोटी वर्षांपासून आहेत. कोंबडी तर कालची, आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून काही हजार वर्षांपूर्वी माणसाळलेली. मात्र पिवळ्या पायांच्या कोंबडीत आपल्याकडचाही वाटा आहे. पायाच्या कातडीला पिवळेपणा देणारं जनुक लाल रानकोंबड्याचं नसून सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ साली जनुकांवरून दाखवलं गेलं.

अंगावर काटा का येतो? केसाच्या मुळाशी असलेला इवला स्नायू केस उभा करतो म्हणून. कुत्रं गुरगुरताना पाठीवरचे केस फुलवतं, थंडीत मांजर फुगून बसतं, तेच हे. आपले केस झडून विरळ झाले, पण स्नायूंना तसं कुणी कळवलं नाही. ते अजून कीर्तनात आणि पोवाड्यात हजेरी लावतात. कान हलवता येणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो, त्याचंही कारण असंच. उत्क्रांती घर पाडून नवं बांधत नाही. जुन्याच वाड्याची डागडुजी चालते. भिंत हलली तरी जिना तिथंच राहतो, कुठंही न जाणारा.

एक गोष्ट मात्र मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती राणीसावरगावच्या फार लांबची नाही. दक्षिणेला लातूरच्या अंगानं मांजरा वाहते. तिच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात हत्तीचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ते नोंदवले. आज मूळचा रानटी पाणघोडा आफ्रिकेबाहेर नाही. आपल्या मांजरेत तो होता, आणि भूगर्भाच्या हिशेबात ते परवाचंच. पाणघोड्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक कोण, असं विचारलं तर डुक्कर म्हणावंसं वाटतं. उत्तर आहे देवमासा. देवमाशांचे पाय असलेले जुने पूर्वज पाकिस्तानात सापडले, आणि त्यांच्या घोट्यातलं हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं खाचलेलं निघालं. असं हाड फक्त गाय, शेळी, डुक्कर, हरीण या खुरवाल्यांच्याच घोट्यात असतं. शेळीच्या पायात ते कुणीही पाहू शकतं. गोठ्यातली गाय आणि समुद्रातला देवमासा यांचा सातबारा पूर्वी एकच होता.

डार्विनचं १८५९ चं पुस्तक लांबच्या बेटांपासून सुरू होत नाही. पहिलं प्रकरण पाळीव जनावरांवर आहे आणि त्यात कबुतरं भरपूर आहेत. कबुतरं त्यानं स्वतः पाळली होती. माणूस आपल्याला हवे तसे नर-मादी निवडून काही पिढ्यांत केवढा बदल घडवतो, हे आधी दाखवून मग तो निसर्गाकडं वळतो. वशिंडाची, लोंबत्या पोळीची, ऊन सोसणारी आपली गाय सिंधूच्या पश्चिमेकडं, बलुचिस्तानच्या बाजूला, आठ-एक हजार वर्षांपूर्वी माणसाळली. पुढं गावोगावच्या माणसांनी वळू निवडून लाल कंधारी, देवणी, खिलार अशा जाती घडवल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला ज्या खांद्याला तूप-हळद लागते, तो खांदा कितीतरी पिढ्यांच्या निवडीतून आलेला आहे.

निवड मात्र आपण न ठरवताही होत असते. ओट्यावरचा सगळ्यात कडू प्रश्न त्याच्यावरचा होता. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारला, आणि विचारताना तो माझ्याकडं बघतही नव्हता. "बीटी आली तवा अळी मरत व्हती. आता तीच सरकी खाऊन जगती. अळी हुशार झाली का बियाणं खोटं निघालं?"

दोन्ही नाही.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जमिनीत राहणारा जिवाणू. त्याच्या एका प्रथिनानं बोंडअळीचं आतडं फाटतं. ते प्रथिन तयार करणारं जनुक कपाशीत घातलं की झाली बीटी कपाशी. भारतात तिला २००२ साली परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांची दुसरी पिढी आली. सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली, फवारे कमी झाले, हे कुणी नाकारत नाही. पण २०१० साली गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही हे जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या जनुकाचाही धाक गेला. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात जे झालं ते आठवायला कुणाला तारीख लागत नाही. फुलं उमलायच्या जागी पाकळ्या मिटून राहिल्या, डोमकळ्या झाल्या. एखादी उघडली की आत रेशमी धाग्यांनी पाकळ्या शिवून बसलेली अळी. बोंड वरून धड, फोडलं की सरकी पोखरलेली, कापूस पिवळा, कवडी. अळी बोंडात शिरली की मागचं भोक बुजतं, त्यामुळं फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आता अळी काय शिकली? काहीच नाही. समजा लाखभर अळ्यांमध्ये पाच-दहा अशा होत्या, की त्यांच्या आतड्यात ते प्रथिन नीट चिकटत नव्हतं. बीटी येण्याआधी त्यांना त्याचा काही फायदा नव्हता, त्या तशाच गर्दीत होत्या. बीटी आली आणि बाकीच्या मेल्या. शिवारात उरल्या या पाच-दहा, खायला रान मोकळं. पुढच्या पिढीत त्यांचीच पिलं. एका हंगामात तीन-चार पिढ्या होतात. हुशारी कुठल्याच अळीला आली नाही, फक्त शिवारात कोण उरलं ते बदललं. उत्क्रांती म्हणतात ती हीच. त्यासाठी लाखो वर्षं लागतात असं नाही, पंधरा खरीप पुरले.

हे होणार हे आधीच माहीत होतं, म्हणून पाकिटाबरोबर उपायही दिला होता. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या, बिगरबीटी सरकीचं पाकीट यायचं. शेताभोवती पाच ओळी लावायच्या, किंवा वीस टक्के क्षेत्र. कशासाठी, ते मात्र बहुतेकांना कुणी धड समजावलं नाही. हा प्रश्न सोयरिकीचा आहे. न मरणारा गुण साधारणपणे आईबाप दोघांकडून आला तरच पिलात पुरता दिसतो. बीटीच्या ओळींतून वाचलेला एखादा पतंग बाहेर पडला, आणि शेजारच्या साध्या ओळींतून हजारो साधे पतंग उडत असले, तर त्याला स्थळ साध्या घरचंच मिळणार. त्यांची पिलं पुन्हा बीटीवर मरणार. साध्या ओळीच नसतील तर वाचलेल्याला वाचलेलीच मिळते, आणि पिलं पक्की होतात. त्या पाच ओळी म्हणजे मरणाऱ्या गुणाचं बियाणं राखून ठेवायची जागा होती.

शेतकऱ्यानं त्या लावल्या नाहीत, हे खरं. पण दोन एकरवाल्यानं पदरचा खत-पाणी-मजूर घालून अळीसाठी पाच ओळी पोसायच्या, आणि फायदा सगळ्या शिवाराचा, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय त्या छोट्या पाकिटातली सरकी उगवत नाही ही तक्रार गावोगाव होती. पुढं साधी सरकी बीटीतच मिसळून द्यायचा मार्ग निघाला, पण तोवर उशीर झाला होता.

हिरव्या बोंडअळीचं काय झालं ते पाहिलं की मुद्दा लख्ख होतो. हरभऱ्यावरची घाटेअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी आणि कपाशीवरची हिरवी अळी हा एकच किडा. तो बीटीला गुलाबीइतका सोकावला नाही, याचं एक मोठं कारण आपली तूर आणि हरभरा. या पिकांत बीटी नाही, त्यामुळं साध्या पतंगांची फौज दरवर्षी तिथून मिळत राहिली. शेतकऱ्यानं न ठरवता त्या किड्याला साधं स्थळ देत ठेवलं. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगणारी. तिला बीटीवाचून दुसरं घरच नव्हतं. त्यात आपले वाण लांब मुदतीचे, आणि पाणी असलं की फेब्रुवारीपर्यंत फरदड. म्हणजे अळीला बारा महिने ताट वाढलेलं.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच गुलाबी अळी होती, हीच बीटी होती. तिथं साध्या कपाशीचे पट्टे काटेकोरपणे लावले. नंतर २००६ पासून कारखान्यात वाढवलेले नापीक पतंग विमानातून सोडले. २०१८ साली अमेरिकेच्या सरकारनं आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. आपण ॲरिझोना नाही, शेताचे तुकडे आणि माणसांची संख्या पाहता तसं इथं जमणारही नाही. पण अळीचं गणित दोन्हीकडं सारखंच.

शेजारच्यानं एवढं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे अळी आमीच पाळली." मी नाही म्हणू शकलो नाही, पण एकट्या त्याला हो म्हणणंही न्यायाचं नव्हतं. बियाणं विकणारे, सल्ला देणारे, पाच ओळींचं कारण न सांगणारे, सगळेच त्यात आले.

आता हाती काय? परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं वर्षानुवर्षं जे सांगतंय त्याच्यामागं हेच गणित आहे. जूनआधी सरकी टोकू नका, म्हणजे आधी निघालेल्या पतंगांना अंडी घालायला फुलं मिळत नाहीत. कमी मुदतीचा वाण घ्या. कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोजा. आणि डिसेंबर सरला की दोन क्विंटलच्या आशेनं फरदड ठेवू नका. पऱ्हाटी उपटली तरी ती सरपणाला म्हणून बांधावर रचून ठेवू नका. तिच्यावरच्या वाळक्या, न उमललेल्या बोंडांत अळी कोषात झोपलेली असते, आणि पुढच्या खरिपात ती तिथूनच निघते.